खालच्या टाकीच्या सेन्सरचं कोटेशन मंजूर करण्यापूर्वी

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापन समिती, डोंबिवली (पूर्व)

विषय: भूमिगत टाकीतल्या प्रेशर सेन्सरबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

नोटीस बोर्डावर लावलेलं टाकीच्या सेन्सरचं कोटेशन मी दोनदा वाचलं. सेन्सर बसवायला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण कोटेशनमध्ये लिहिलेला सेन्सर आपल्या टाकीच्या कामाचा नाही, म्हणून रविवारच्या बैठकीआधी हे पत्र देतो आहे. मी २६ वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. टाक्यांचे लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे पातळी मोजून कळवणारी उपकरणं, बसवणं आणि तपासणं हेच माझं काम होतं.

पाण्यात जितकं खोल जावं तितका दाब वाढतो, १ मीटरला साधारण ९.८ किलोपास्कल. टाकी केवढी लांब-रुंद आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो, वर पाणी किती उंच आहे एवढंच मोजलं जातं. तळाजवळ सोडलेला सेन्सर हा दाब ४ ते २० मिलिअँपियर करंटच्या रूपात पॅनेलला कळवतो. रिकामी टाकी म्हणजे ४, सेन्सरच्या पूर्ण रेंजइतकं पाणी म्हणजे २०. सुरुवात शून्यापासून नाही, कारण वायर तुटली की करंट शून्यावर येतो आणि बिघाड लगेच कळतो. आपला फ्लोट (पाण्यावर तरंगून पातळी सांगणारा स्विच) गेल्या महिन्यात पाइपला अडकला तेव्हा टाकी संपली तरी 'पाणी आहे' असंच सांगत राहिला. मोटर रात्रभर कोरडी फिरून जळाली आणि सकाळी तीन विंगना पाणी नव्हतं.

आता कोटेशनबद्दल. त्यात ० ते १० मीटर रेंजचा, अर्धा टक्का अचूकतेचा सेन्सर आहे. अर्धा टक्का धरला जातो तो पूर्ण रेंजचा, म्हणजे ५ सेंटिमीटर. आपली टाकी आतून ६ बाय ४ मीटर आणि ३ मीटर खोल. तिथे १ सेंटिमीटर म्हणजे २४० लिटर, म्हणजे १,२०० लिटर इकडेतिकडे. ० ते ४ मीटरचा घेतला तर हीच चूक ४८० लिटरवर येते. खोल टाकीसाठी लागणारी रेंज आपल्या टाकीत कशाला?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सेन्सरवर पाण्याबरोबर हवेचाही दाब असतो. तो वजा करण्यासाठी केबलच्या आत एक बारीक नळी असते आणि तिचं वरचं टोक हवेत उघडं ठेवतात. कोटेशनमधल्या सेन्सरला ही नळी नाही, तो बंद आहे. आपल्याकडे भर पावसाळ्यात हवेचा दाब हिवाळ्यापेक्षा साधारण १० मिलिबारने कमी असतो आणि १ मिलिबार म्हणजे १ सेंटिमीटर पाणी. टाकीत पाणी तेवढंच असलं तरी जानेवारी आणि जुलैच्या आकड्यात १० सेंटिमीटरचा, म्हणजे २,४०० लिटरचा फरक पडेल. मग वॉचमन विश्वास कशावर ठेवणार? नळीवाला सेन्सरच मागवावा. नळीचं टोक कोरड्या जंक्शन बॉक्समध्ये (वायर जोडण्याच्या डब्यात) ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावं, नाहीतर पावसाळ्यात आत दमट हवा शिरते. जेल दर वर्षी मे महिन्यात बदलावं.

हे सगळं इतकं तपशिलात लिहिण्याचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात सलग तीन रात्री मी टाकीत खुणा केलेली काठी टाकून पाहिली. १ ते ४ या वेळेत मोटर बंद होती, नळही आलेला नव्हता, तरी पातळी दर रात्री २ सेंटिमीटरने उतरली. तीन तासांत ४८० लिटर, म्हणजे दिवसाचे ३,८०० लिटर जमिनीत जात आहेत. आपण टँकर मागवतो आणि टाकी गळते आहे. हे कळत नाही कारण पातळी कोणी लिहून ठेवत नाही. पॅनेल घेताना दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारं घ्या, रात्रीच्या रेषेवरून गळती समजेल.

सेन्सर तळापासून ४-५ इंच वर, नळाच्या धारेपासून आणि फूटव्हॉल्व्हपासून (मोटरच्या पाइपच्या खालच्या टोकाच्या झडपेपासून) लांब लटकवावा, म्हणजे गाळात रुतणार नाही. टाकी साफ करणाऱ्यांनी आधी तो बाहेर काढावा. त्याच्या दाब मोजणाऱ्या नाजूक पडद्याला बोट किंवा ब्रश लावू देऊ नये. जुना फ्लोट दुरुस्त करून मोटर बंद करण्यासाठी जोडीला राहू द्यावा.

बदललेलं कोटेशन आलं की मला दाखवावं, ही विनंती. ज्या दिवशी सेन्सर बसवतील त्या दिवशी मी काठी घेऊन येईन आणि पॅनेलवरचा आकडा तिच्याशी ताडून देईन.

आपला नम्र,
बी विंगमधील एक सभासद