पट कमी म्हणून शिक्षक शून्य?

कमी पटाच्या शाळांतील शिक्षक अतिरिक्त ठरल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवण्याच्या, शासन निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट 20 पेक्षा कमी असेल, तर तेथे शिक्षकाचे एकही पद मंजूर होत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची मात्र याच वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक देते, आणि तेथे किमान पटाची अट नाही.

आमच्या वाडीतील जिल्हा परिषद शाळेच्या या तीन वर्गांत 17 मुले आहेत. पहिली-दुसरीचे गुरुजी येऊन फळ्यावर एक उदाहरण लिहून देतात आणि लगेच लहानांकडे वळतात. माझ्या मुलीच्या वहीत कित्येक समीकरणे अर्धवटच आहेत. दुसरी शाळा पाच किलोमीटरवर, मध्ये ओढा, आणि एसटी आली तर दहाला. शिक्षक नाहीत म्हणून ऐपत असलेल्या पालकांनी मुले आधीच तालुक्याला नेली आणि आता त्याच घटलेल्या पटावर बोट ठेवून पद रद्द होत आहे. निदान अशा वाड्यांपुरती तरी ही अट शासनाने मागे घ्यावी.

— एक पालक, जि. सातारा