शब्दाला जागलात, अँज सर

आदरणीय अँज पोस्टेकोग्लू सर,

हे पत्र मराठीत लिहितोय. तुमच्यापर्यंत पोचायचं तर मध्ये कुणीतरी दुभाषी लागेल, आणि दुभाष्याचं काम काय असतं हे तुमच्याहून चांगलं कुणाला ठाऊक असणार? ऑस्ट्रेलियातल्या साऊथ मेलबर्न क्लबला फेरेंक पुश्काश प्रशिक्षक होते तेव्हा त्यांचं ग्रीक ऐकून बाकीच्या खेळाडूंना इंग्रजीत सांगणारे कर्णधार तुम्हीच. त्यांना गाडीतून नेणं-आणणंही तुमच्याकडेच असायचं. तुमच्याबद्दल मी जे काही वाचलं, त्यात मला हे सगळ्यात जास्त आवडतं. फुटबॉलच्या इतिहासातल्या एका थोर माणसाला तुम्ही तरुणपणी शेजारच्या सीटवर बसवून ऐकलंत.

आमच्या टॉटनहॅमचे प्रशिक्षक म्हणून तुम्ही जे केलंत, त्यासाठी मला तुमचे आभार मानायचेत. पण त्याआधी एक कबुली द्यावी लागेल, नाहीतर आभार खोटे ठरतील. 2025 च्या एप्रिलमध्ये माझा तुमच्यावरचा विश्वास पूर्ण उडाला होता.

सुरुवातीला तसं नव्हतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये हॅरी केन जर्मनीच्या बायर्न म्युनिकला गेला तेव्हा वाटलं, आता आपलं काही खरं नाही. क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू एकही ट्रॉफी न जिंकता निघून गेला होता. आणि त्याच संघाला घेऊन तुम्ही पहिल्या दहा लीग सामन्यांत आठ जिंकलात, दोन बरोबरीत सोडवलेत. मग 6 नोव्हेंबरला चेल्सीविरुद्धची ती रात्र आली. रेड कार्ड मिळून रोमेरो बाहेर, उडोगी बाहेर, मैदानावर नऊ जण, आणि तरी आपली बचावफळी मधल्या रेषेवर उभी! आपण 1-4 हरलो. पण शेवटच्या काही मिनिटांपर्यंत फरक एकाच गोलचा होता, आणि सामना संपल्यावर स्टेडियममध्ये टाळ्या वाजत होत्या. आम्ही असेच आहोत, असं तुम्ही नंतर सांगितलंत. त्या रात्री मी तुमचा झालो.

मग त्याच हट्टाचा मला राग यायला लागला. माणसाचा जो गुण पाहून जीव लावावा, तोच पुढे खुपतो, तसं झालं.

15 सप्टेंबर 2024 ला घरच्या मैदानावर आर्सेनलकडून 0-1 हरलो. पुन्हा कॉर्नर, पुन्हा डोक्यानं मारलेला गोल. आणि त्यानंतरच्या मुलाखतीत तुम्ही म्हणालात की दुसऱ्या वर्षी मी नेहमीच काहीतरी जिंकतो. आधी कधीतरी ‘सहसा’ म्हणाला होतात. त्या दिवशी तो शब्द मुद्दाम बदलून ‘नेहमीच’ केलात. मी टीव्ही बंद केला. हरलेल्या माणसानं त्या घटकेला गप्प बसावं, एवढंच वाटलं. आज समजतं की तुम्ही बढाई मारत नव्हतात, शब्द देत होतात. साऊथ मेलबर्न, ब्रिस्बेन, योकोहामा, सेल्टिक, सगळीकडे विजेतेपदं मिळवलेल्या माणसाला तो देण्याचा हक्कही होता. पण आमच्या क्लबमध्ये असं उघड बोलण्याची सवय कुणालाच राहिली नव्हती. 2008 चा लीग कप ही तोवरची शेवटची ट्रॉफी. त्यानंतर 2019 मध्ये माद्रिदला चॅम्पियन्स लीगची फायनल हरलो, 2015 आणि 2021 मध्ये लीग कपच्या फायनल हरलो. ऐन वेळी कच खाण्यासाठी लोकांनी आमच्याच ‘स्पर्स’ या टोपणनावावरून ‘स्पर्सी’ हा शब्द काढला. इतकी वर्षं हे ऐकल्यावर चाहता आशेवरसुद्धा पांघरूण घालून ठेवतो. तुम्ही ते भर मुलाखतीत ओढून काढलंत.

पुढचे महिने कसे गेले ते तुम्हाला मी काय सांगणार! मँचेस्टर सिटीला त्यांच्या घरी 4-0 हरवणारा संघ इप्सविच आणि लेस्टरकडून स्वतःच्या घरी हरला, आणि हे दोघेही शेवटी खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. गोलरक्षक व्हिकारिओ, बचावपटू रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन एकाच वेळी जायबंदी. अठरा वर्षांचा आर्ची ग्रे, मूळचा मध्यरक्षक, आठवड्यामागून आठवडा बचावफळीच्या मध्यभागी सेंटर बॅक म्हणून उभा. तेव्हा मी फक्त निकाल मोजत होतो. त्या पोराकडे आता मागे वळून पाहिलं की कळतं, त्याच्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून तुम्ही किती वार स्वतःवर घेतलेत. एकाही खेळाडूचं नाव घेऊन तुम्ही त्याच्यावर पराभवाचं खापर फोडल्याचं मला आठवत नाही.

आणि मग 3 एप्रिल. चेल्सीच्या मैदानावर तुम्ही बर्गवालला बाहेर काढून सारला आणलंत आणि आपल्याच लोकांनी तुमची हुर्यो उडवली. मीही इथे बसून तेच ओरडलो. पाच-एक मिनिटांत सारनं चेंडू जाळ्यात मारला आणि तुम्ही त्या लोकांच्या दिशेनं कानामागे हात धरलात. मग व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी, गोल रद्द केला. तो हात माझ्याकडेही होता असं मला वाटलं, आणि मला फार लागलं ते. त्या रात्री मी मित्राला लिहिलं की हा माणूस आता आपला राहिला नाही. ते शब्द मी आज मागे घेतो.

विश्वास परत आला तो बिल्बाओतल्या युरोपा लीगच्या फायनलला नाही, त्याआधीच, त्या रात्रीनंतर दोन आठवड्यांनी फ्रँकफर्टमधल्या क्वार्टर फायनलला. हे आवर्जून सांगायचंय, कारण ट्रॉफी हातात आल्यावर कुणीही आभार मानेल.

दोन सामन्यांच्या लढतीतला पहिला सामना घरी 1-1. मधल्या रविवारी वुल्व्ह्सकडून 2-4 मार खाल्लेला. आपला कर्णधार सोन जायबंदी, प्रवासालाही आला नव्हता. मी सामना पाहायला बसलो ते सवयीनं. सोलांकीनं पेनल्टीवर गोल केला आणि त्यानंतर मला एक वेगळाच संघ दिसला. फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, जागा सोडत नव्हते. रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन एकमेकांपासून दहा पावलांच्या आत. कुणी घाई करत नव्हतं, चेंडू बाहेर मारायला लाजत नव्हतं. नऊ जणांनिशी मधल्या रेषेवर उभा राहिलेला तो हट्टी माणूस आपल्या संघाला थांबायला, सोसायला शिकवत होता. मला वाटत होतं की तुम्ही बदलूच शकत नाही. तुम्ही गाजावाजा न करता बदललात, आणि त्याचं श्रेयही मागितलं नाहीत.

मग सेमीफायनलला नॉर्वेतल्या बोडोला, आर्क्टिक वृत्ताच्या वर, कृत्रिम गवतावर, जिथे इटलीच्या लाझिओची वाट लागली होती, तिथे आपण 2-0 जिंकलो. तो सामना मी एकदाही खुर्चीवरून न उठता पाहिला.

मग 21 मे, बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडविरुद्धची फायनल. मॅडिसन नाही, कुलुसेव्स्की नाही, बर्गवाल नाही, आणि सोन बाकावर. 42 व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा गोल. सुंदर अजिबात नव्हता, चेंडू कुणाला कसा लागला ते कळायलाच वेळ गेला. 68 व्या मिनिटाला व्हिकारिओ पुढे येऊन फसला, युनायटेडच्या होयलुंडचं हेडर रिकाम्या गोलकडे निघालं, आणि व्हॅन डे व्हेननं हवेत आडवं होऊन ते रेषेवरून काढलं. ते मी आजवर किती वेळा पाहिलं याची गणती नाही. आणि 78 व्या मिनिटाच्या आसपास तुम्ही गोल करणाऱ्या जॉन्सनलाच बाहेर बोलावून डान्सोला आत पाठवलंत. पाचवा बचावपटू! तुम्ही! तो बदल पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, शिट्टी वाजायच्या कितीतरी आधी. लोक तुम्हाला तत्त्वासाठी संघ बुडवणारा म्हणत होते, आणि तुम्ही आमच्यासाठी आपलं तत्त्व क्षणभर बाजूला ठेवलं होतंत.

सतरा वर्षांनी ट्रॉफी, युरोपातली तर 1984 नंतर पहिली. दहा वर्षं या क्लबला दिलेल्या सोननं ती उचलली.

लीगमध्ये 22 पराभव झाले, 17 वा क्रमांक आला, हे मी लपवत नाही. ते आकडे कुणी काढले की मला अजूनही उत्तर देता येत नाही, आणि द्यावंसं वाटतही नाही. त्या आकड्यांसकट तुम्ही आम्हाला जे दिलंत ते खरं आहे.

मिरवणुकीत तुम्ही म्हणालात की चांगल्या मालिकांचा तिसरा सीझन दुसऱ्यापेक्षा सरस असतो. 6 जूनला बातमी आली की क्लबनं तुम्हाला काढलं. फायनलनंतर सोळावा दिवस, आणि तुमच्या नेमणुकीला बरोबर दोन वर्षं. क्लबचा निर्णय योग्य की अयोग्य यावर माझ्या ओळखीतले निम्मे लोक आजही भांडतात. मी त्यात पडत नाही. मला फक्त वाईट वाटतं की स्टेडियममध्ये आमच्या लोकांना तुम्हाला उभं राहून निरोप देता आला नाही. ते काम आपल्या परीनं करावं म्हणून हे पत्र.

थँक यू, अँज सर. तो ‘नेहमीच’ मागे न घेतल्याबद्दल. आणि 3 एप्रिलला तुम्ही कानामागे हात धरलात तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. आता आहे. ऐकू येत असेल तर ऐका, मी तुमच्या नावानं ओरडतोय.

तुमचा,
टॉटनहॅमचा एक चाहता
जून 2025