नंदीवरचं नाव देवनागरीतच हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तान्हा पोळा जवळ आला की नागपुरात घरोघरी लाकडी नंदी सजवायची लगबग सुरू होते. खालच्या चाकांच्या पाटीवर मुलाचं नाव घालायला अक्षरांचे स्टिकर मिळतात, पण बहुतेक इंग्रजी. देवनागरी सुट्या अक्षरांत बसतच नाही. वेलांटी कुठे लावायची, जोडाक्षराचं काय करायचं? म्हणून पालकांना कळकळीने सांगते, अक्षरं घरीच उतरवा.

संगणकावर नाव ठळक टाइपात लिहून आरशात दिसतं तसं उलटं करा. प्रिंट लेझरची किंवा झेरॉक्सच हवी. तिची शाई म्हणजे प्लास्टिकची बारीक भुकटी, पाण्याने हलत नाही. इंकजेटची मात्र फिसकटते. लाकूड पॉलिश पेपरने घासून फेव्हिकॉलचा पातळ, एकसारखा हात द्या. कागद पालथा ठेवून मधून कडेकडे दाबत हवा काढा. रात्रभर वाळू द्या. पावसाळी हवेत घाई नकोच. मग ओल्या बोटाने हलके चोळत गेलं की कागदाचा लगदा सुटतो आणि काळी अक्षरं लाकडावर उमटतात. ‘श्री’च्या बारीक रेघेला नख लावू नका. शेवटी वॉर्निश.

थिनरने काम लवकर होतं, पण त्याची वाफ वाईट. मुलांच्या हाती ते देऊच नये.

शाळांनी कार्यानुभवात हे जरूर घ्यावं. मध्ये रात्र जावी लागते, तेव्हा तास सलग दोन दिवस ठेवावेत.

– एक निवृत्त कलाशिक्षिका, महाल, नागपूर