सूचना : आपल्या बागांचे मालक कोण कोण होते? रविवारची बैठक

सर्व सभासद बागायतदारांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता देवळाच्या सभामंडपात बैठक आहे. विषय एकच: गावातली प्रत्येक आमराई कोणाकडून कोणाकडे गेली, याची नोंदवही करणे. खोत (गावचा सारा वसूल करणारा), कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा), वारस, मग मुंबईचा खरेदीदार असा हा प्रवास आहे आणि तो सांगणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत.

येताना आणा :
- चालू सातबारा आणि ८अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा)
- मिळतील तेवढे जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी)
- कुळाची जमीन असल्यास ३२म चे प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला)
- घरातलं सर्वांत वयस्कर माणूस (हे कागदांपेक्षा महत्त्वाचं. न्यायला गाडी हवी असल्यास शनिवारपर्यंत कळवा.)

खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, तर कूळकायद्यातला कृषक दिन, म्हणजे कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, १ एप्रिल १९५७ चा. या दोन टप्प्यांवर मालकाचं नाव कसं बदललं, ते आधी पाहून ठेवा. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकानाही जरूर वाचा. जमीन एकाची आणि कलमं दुसऱ्याची, अशा नोंदी तिथेच सापडतात.

जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. माझ्या आजोबांचा फेरफार चिकटपट्टीखाली पिवळा पडला आणि नेमकी घडीवरची तारीख गेली. कागद आहे तसा फाईलीत ठेवून आणा. आम्ही फक्त फोटो काढू, मूळ प्रत लगेच परत देऊ.

हद्दीचे वाद या बैठकीत घेतले जाणार नाहीत, ही कळकळीची विनंती.