कुरी अजून भिंतीवर टांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आपण जुन्या अवजारांचं एक पान छापलं होतं. मोटेचं चाक, लाकडी नांगर, कुळव आणि मधोमध एका हॉटेलच्या भिंतीवर टांगलेली चार फणांची कुरी, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. खाली ओळ होती, 'काळाच्या पडद्याआड'. ते वाचताना माझ्या उजव्या अंगठ्याची साल गेलेली होती. भाताचं बी खरबरीत असतं, दिवसभर चाड्यावर, म्हणजे कुरीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरली की अंगठा सोलतो. म्हणून हे पत्र.

माझं रान भोगावतीच्या काठाला, करवीर तालुक्यात. 20 गुंठे उसात आणि 22 गुंठे भाताला. मालक शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला जातात, त्यामुळे शेती मीच बघते. आमच्या भागात भात दोन तऱ्हेनं होतं. तरवा टाकून, म्हणजे आधी रोपं तयार करून, लावायचं, नाहीतर वैशाखात धूळवाफेवर पेरायचं. (पंचांगाच्या हिशेबानं वैशाख म्हणजे वसंत ऋतू. रानात उभं राहून बघा कसला वसंत ते.) धूळवाफेत बी कोरड्या मातीत पडतं आणि पावसाची वाट बघत राहतं. वर राहिलं तर वळवाच्या एका सरीनं अर्धवट उगवून वाळून जातं, नाहीतर पाखरं टिपतात. फार खाली गेलं तर कोंबाला वर यायला दम पुरत नाही. दीड-दोन इंच, बास. सगळी मेख त्या दीड-दोन इंचात आहे.

माझ्या 22 गुंठ्यांचे दोन वाफे आहेत, मध्ये कमरेएवढा ताल, म्हणजे बांध, आणि वरचा वाफा तीन कोपऱ्यांचा, तिकाटण्यासारखा. वाटणी झाली तेव्हा ट्रॅक्टरचा विचार कोण करणार? पेरणी यंत्रवाला येऊन बांधावरनं बघून गेला. "वैनी, ह्यात वळायला जागा न्हाई. तुम्ही बी विस्कटून टाका, वरनं एक रोटर मारतो." रोटर म्हणजे ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर. गेल्या वर्षी मी तेच केलं होतं. बी काही वर, काही खाली, ओळ म्हणून नाही. ओळ नाही म्हटल्यावर ओळींमधलं तण काढायचं कोळपं चालत नाही, आणि कोळपं चालत नाही म्हटल्यावर भांगलायला बायका लावायच्या. दोन भांगलणींना 19 हजेऱ्या लागल्या, हजेरी 300 रुपये. 5,700 रुपये नुसत्या तणाला गेले. रोटरचे पैसे वेगळेच.

रोटरबद्दल बोललं की आमच्याकडची तरणी पोरं हसतात. म्हणून आधीच सांगते, मी लोखंडाला घाबरणाऱ्यातली नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी म्हणायचे की लोखंडानं जमीन विषारी होते, आणि सुरुवातीचे नांगर कितीतरी दिवस खपले नाहीत. त्या शेतकऱ्यांत आमचा आजेसासरा असता तर तोही तसंच म्हणाला असता. पुढं त्याच घरात लोखंडी नांगर आला आणि तो आम्ही बैल विकेपर्यंत वापरला. माझ्याकडं बॅटरीचा फवारणी पंप आहे, कडबाकुट्टी आहे. पाठीवर हातपंप मारून ज्यांचे खांदे गेले त्यांना विचारा, जुनं ते सगळं सोनं नसतं.

रोटरची माझी तक्रार वेगळी आहे. त्याची वाकडी पाती दर वेळी त्याच चार-पाच इंचांवर फिरतात. वरची माती पिठासारखी होते, दिसायला गादी, आणि खाली ती तव्यासारखी घट्ट बसते. पिठासारख्या मातीवर वळवाची जोराची सर आली की ती थापली जाते, वर पापुद्रा धरतो, कोंब आतच वाकडा होतो. पलटी नांगर मारून, ढेकळं उन्हात तापवून, मग एकदा रोटर मारला तर कुणाची तक्रार नाही. पण नांगरट महाग पडते म्हणून ती गाळून सालोसाल नुसता रोटर मारणारी रानं आमच्या शिवारात बांधाला बांध लावून आहेत. कुळवही खोल जात नव्हता हे मला मान्य आहे. पण कुळव मातीचं पीठ करत नव्हता.

तर यंदा माळ्यावरची कुरी खाली काढली. बाभळीचं लाकूड शाबूत होतं. दोन फण गंजून गेलेले, नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या. गावातला सुतार आता किचनच्या ट्रॉल्या बसवतो. त्यानं कुरीकडं बघून "काकू, सागाचं काम असंल तर सांगा" म्हटलं. लोहाराचा पोरगा खिडक्यांच्या ग्रिल करतो. शेवटी मालकांना सुट्टी होती त्या दिवशी फण पिशवीत घालून उद्यमनगरात गेलो. पहिल्या वर्कशॉपातल्या पोरानं फण हातात घेऊन विचारलं, "हे कुठल्या मशिनचं?" त्याच्या लेथवर ट्रॅक्टरचाच कुठला तरी भाग चालू होता. शेजारच्या शेडमधले एक म्हातारे मिस्त्री उठून आले, फण उलटा-पालटा केला आणि म्हणाले, "कुरीचा हाय. टोक किती मोडलंय?" अर्ध्या तासात लोखंडी पाटा कापून दोन्ही फण करून दिले. चहाचे पैसे त्यांनीच दिले. नळ्या पूर्वी वेळूच्या असायच्या, मी पीव्हीसीच्या घातल्या. बी अडकत नाही आणि उंदीरही त्यांना तोंड लावत नाही.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर ओतायला दिल्या, हे आपण शाळेच्या भाषणात ऐकत आलो. त्याच कोल्हापुरात दोन फणांसाठी मला अख्खा दिवस हिंडावं लागलं.

बैलांचा प्रश्न त्याहून अवघड. गावात आता औताच्या तीनच जोड्या आहेत. खोंडं पुष्कळ आहेत, पण ती शर्यतीची. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये शर्यतींचा कायदा उचलून धरल्यापासून त्यांचे भाव काय विचारता. असला बैल औताला कोण जुंपतंय? एका जोडीवाल्याशी पैरा केला. त्यांनी एक दिवस औत द्यायचं, मी तीन दिवस त्यांच्या भुईमुगात भांगलायचं. चाड्यावर मी, मागं कुरीच्या रुमण्यावर, म्हणजे मुठीवर, ते. सासूबाई बांधावर बसून ओरडत होत्या, "मूठ सैल सोड, नळीत बी वाजलं पाहिजे." सोळा किलो इंद्रायणीत 22 गुंठे झाले, ओळ नऊ इंचांवर, आणि तिकाटण्याचा कोपरासुद्धा सुटला नाही.

आता मुद्द्याचं. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून नंबर लागला तर ट्रॅक्टरला सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळतं, आणि लहान शेतकऱ्याला किंवा बाईला इतर अवजारांवर निम्म्यापर्यंत. चांगलं आहे. पण ट्रॅक्टर कितीही स्वस्त झाला तरी माझ्या तिकाटण्यात तो वळणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यात माझ्यासारखी गुंठ्यातली रानं काय कमी आहेत? बैलाची आणि हातानं चालवायची अवजारंही अनुदानाच्या यादीत आहेत, पण दुकानात जाऊन मागा. मी मागितली. दुकानदार म्हणाला, "ती कोण घेत नाही, म्हणून ठेवत नाही." ठेवत नाही म्हणून कोण घेत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. उन्हात भांडायची ताकद नव्हती.

आमच्या भागातल्या एका अवजार बँकेचा, म्हणजे भाड्यानं अवजारं देणाऱ्या केंद्राचा, फलकही बघून आले. रोटाव्हेटर, पलटी नांगर, मळणी यंत्र, सगळं 45 एचपीच्या पुढचं, सगळं तासावर. तिथं एक छोटा पॉवर टिलर, त्याला जोडता येईल अशी चार फणांची कुरी आणि चार सायकल कोळपी (चाकाची, हातानं ढकलायची) ठेवली तर किती खर्च येईल? एका रोटाव्हेटरच्या किमतीपेक्षा फार जास्त येईल असं मला वाटत नाही. आणि भाडं गुंठ्यावर लावा, तासावर नको. तासावर लावलं की लहान रानवाला वळणावळणाचे पैसे भरतो.

हॉटेलवाल्यांनाही एक सांगायचं आहे. पेरणी झाल्यावर चार दिवसांनी हायवेवरचे एकजण घरी येऊन गेले. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या दालनात लावायला कुरी पाहिजे म्हणाले, अडीच हजार देतो म्हणाले. मी पीव्हीसीच्या नळ्या दाखवल्या. तोंड वाकडं करून म्हणाले, "ओरिजनल नाही मग."

पाच-सहा दिवसांपूर्वी पाऊस झाला आणि आज सकाळी ओळी दिसायला लागल्या. पंधरा-वीस दिवसांत कोळपणीला येईल. नऊ इंचांच्या ओळीत बसेल असं हातकोळपं मला अजून मिळालेलं नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर आपल्या कार्यालयात कळवावं, मी भाड्यानं घेईन किंवा विकत घेईन. गंजलेलं चालेल, मिस्त्रींचं शेड आता माहीत झालंय.

आपली,
भोगावतीकाठची एक शेतकरी
ता. करवीर, जि. कोल्हापूर