आधी ऐरण घ्या, भट्टी मातीचीच चालेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हौसेने लोहारकाम शिकू पाहणारी मुलेमुली नाशिकमध्ये आता बऱ्यापैकी दिसू लागली आहेत. मोबाइलवर परदेशी कारागिरांची कामे पाहून बहुतेकजण पहिला पैसा घालतात तो तयार गॅसभट्टीत, आणि उरलेल्या पैशांत घरपोच मिळणारी रंगवलेली ऐरण मागवतात. हा क्रम उलटा आहे. लोखंड तापवायला माती, कोळसा आणि वारा पुरतो. घडवायला मात्र जड पोलादी ठोकळाच लागतो. नव्यांनी खर्चात पडण्याआधी वाचावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

स्वस्तात मिळणाऱ्या ऐरणींपैकी पुष्कळ बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. बीड ठिसूळ असते. कडेवर जोराचा घाव बसला की टवका उडतो, आणि माथ्यावर मारलेला घाव ते गिळून टाकते. लोखंड जागचे हलत नाही, मनगट तेवढे दुखते. ओळखायला बेअरिंगमधली एक पोलादी गोळी पुरे. ती २५ सेंटिमीटर उंचीवरून माथ्यावर सोडा. १५ सेंटिमीटरच्या वर उसळली तर ऐरण कामाची. पाच-सात सेंटिमीटरवरच मेली तर दुसरी बघा. विकणाऱ्याने ग्राइंडर टेकवू दिला तर ठिणगीही सांगते. बिडाची ठिणगी आखूड आणि मंद तांबडी असते, पोलादाची लांब जाऊन टोकाशी फुटते.

नाशिककरांनी ऐरण विकत घेण्याचे खरे तर कारणच नाही. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून गोल सळ्यांचे कापलेले तुकडे भंगारात जातात. ईएन-८ (मध्यम कार्बनच्या) पोलादाचा १५० मिलिमीटर व्यासाचा आणि २०० मिलिमीटर उंचीचा तुकडा साधारण २८ किलो भरतो. १०० मिलिमीटर व्यासाचा ३०० मिलिमीटरचा तुकडा घेतलात तर साडेअठरा किलो. फोर्कलिफ्टचा मोडका काटाही उत्तम. वजन हातोड्याच्या किमान वीसपट असावे, एवढे सूत्र लक्षात ठेवा. रेल्वेच्या रुळाचा तुकडा सगळ्यांना हवा असतो, पण तो आडवा ठेवू नका. रुळाची मान बारीक, त्यामुळे आडवा रूळ घावाखाली लवतो. उभा केला की सगळे वजन थेट हातोड्याखाली येते. मीटरला ५२ किंवा ६० किलोच्या रुळाचा ४५ सेंटिमीटरचा तुकडा २३ ते २७ किलोचा होतो. मात्र पावतीशिवाय रूळ घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे, आणि ‘भंगारवाल्याने दिला’ हे उत्तर त्यात पुरत नाही.

ठोकळा बाभळीच्या ओंडक्यात खाच करून घट्ट बसवा. उभ्याने काम करणार असाल तर हात सैल सोडून मूठ वळा. बोटांच्या पेरांना माथा लागेल तेवढी उंची ठेवा. बसून काम करायलाही हरकत नाही. आपल्याकडचे लोहार पिढ्यान्‌पिढ्या बसूनच घडवत आले. त्यांची ऐरण मूठभर दिसते, पण ओंडका जमिनीत पुरलेला असतो म्हणून ती हलत नाही. हौशी माणूस तेवढीच लहान ऐरण टेबलावर ठेवतो आणि काम होत नाही म्हणून तिला दोष देतो.

हातोडा ८०० ग्रॅम ते एक किलोचा पुरे. दोन किलोचा घेतलात तर अर्ध्या तासात नेम जातो, कोपर धरते. दुकानातला नवा हातोडा तसाच वापरू नका. तोंडाच्या कडा धारदार असतात आणि प्रत्येक घावाला लोखंडावर चंद्रकोर उमटते. ग्राइंडरने कडा गोल करा, तोंडाला किंचित फुगवटा द्या आणि पॉलिश पेपर फिरवा. स्वयंपाकघरातल्या सांडशीने तापलेले लोखंड धरू नका, ते निसटते. सुरुवातीला ६०-७० सेंटिमीटर लांबीची सळई घेऊन तिच्या टोकावरच काम करा, म्हणजे सांडशी लागतच नाही. पुढे २० बाय १० मिलिमीटरच्या पट्टीचे ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे आणि ८ मिलिमीटरचे रिव्हेट घेऊन आपली सांडशी आपणच घडवा.

आता भट्टी. ६० बाय ४५ सेंटिमीटरची, २५ सेंटिमीटर खोल लाकडी किंवा पत्र्याची पेटी घ्या. एक घमेले माती, दोन घमेली वाळू आणि अर्धे घमेले चाळलेली राख जेमतेम ओली करून ती ठासून भरा. शेतातली काळी माती नको. ती वाळताना आक्रसते आणि भेगाळते. कुंभाराकडची माती चांगली. मधोमध २५ सेंटिमीटर लांब, १० रुंद, १२ खोल असा कुंड ठेवा. वाऱ्याची नळी बाजूने, तळापासून सात-आठ सेंटिमीटर वर आणा. ती आतून एक इंची काळा पाइप असावी. गॅल्व्हनाइज्ड पाइप नको. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळते, त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. जस्त चढवलेले कुठलेच लोखंड भट्टीत घालू नये. पेटी चार-पाच दिवस सावलीत वाळवा आणि पहिल्या दिवशी फक्त लहान जाळ करा. कुंडाला काँक्रीट किंवा नदीतले गोटे लावाल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन कपचे उडतील.

नव्या माणसाचे सर्वात जास्त काम बिघडते ते वाऱ्यामुळे. ४०-५० वॉटचा ब्लोअर एवढ्या भट्टीला भरपूर होतो, तोही पूर्ण सोडायचा नाही. हवा आत घेण्याच्या तोंडावर सरकती पत्र्याची झडप लावा. हातभाता असेल तर उत्तम, कारण थांबलात की वारा थांबतो. वारा जास्त झाला की कोळसा नुसता उडून जळतो आणि लोखंडावर जाड खवले धरतात. तुकडा नळीच्या तोंडासमोर ठेवला तरी तेच होते, कारण तिथल्या हवेत प्राणवायू अजून शिल्लक असतो. निखारे नळीच्या वर किमान दहा सेंटिमीटर असू द्या आणि तुकडा नळीपेक्षा सात-आठ सेंटिमीटर वर, आडवा ठेवा. टोक खाली खुपसू नका. वारा बंद करून चहाला जाणार असाल तर नळी ब्लोअरपासून सोडवा. न जळलेला वायू नळीत शिरून साठतो आणि पुन्हा वारा सुरू करताच स्फोट होतो.

कोळसा बाभळीचा, लाकडी. अक्रोडाएवढे तुकडे करून चुरा चाळून काढा. नीट वारा ठेवला तर तासाला दोन-तीन किलो लागतो. वणी-चंद्रपूरकडचा दगडी कोळसा स्वस्त वाटतो, पण त्यात राख भरपूर असते. ती वितळून कुंडाच्या तळाशी काचेसारखा खडा धरते आणि वारा अडवते. वस्तीत त्याचा धूर शेजाऱ्यांनाही सहन होत नाही.

गॅसभट्टी वाईट नाही, दुसऱ्या वर्षी घ्या. तिच्यासाठी घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर वापरू नका. ते नियमात बसत नाही आणि घरगुती रेग्युलेटरचा दाबही भट्टीला पुरत नाही. व्यावसायिक सिलिंडर, दाब कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर आणि आयएसआय चिन्हाची नळी घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सिलिंडरवर दव धरून ज्योत बसली तर दोष बर्नरचा नसतो. गॅस द्रवातून उठताना सिलिंडर थंड होते आणि दाब पडतो. मोठे सिलिंडर घेणे हा उपाय. त्याच्याखाली जाळ किंवा गरम पाणी कधीही नको. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तळघरात भट्टी मांडू नका. भट्टीच्या आतले सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे उष्णता अडवणारे तंतूंचे अस्तर, उघडे ठेवू नका. त्याचे तंतू फुफ्फुसात जातात. त्यावर रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणारा) लेप द्या आणि कापताना मास्क लावा.

पहिले काम सहा ते दहा मिलिमीटरच्या साध्या सळईचे करा: आकडे, खुंट्या, उलथणे. बांधकामाची टीएमटी सळई आकड्यांना चालते, धारेला नाही. तिच्यात कार्बन कमी असल्याने पाणी चढत नाही, म्हणजे तापवून बुडवली तरी ती कडक होत नाही. खुरपे, छिन्नी, सुरी यांना कमानपाटा (गाडीच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) घ्या. आडगाव नाका आणि द्वारका भागातल्या ट्रकच्या गॅरेजांत तो मिळतो. पण तुटलेला पाटा थकून तुटलेला असतो. मोडलेल्या जागेजवळचा आणि भोकाजवळचा भाग टाकून द्या, तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. हातोड्याखाली दिसल्या नाहीत तरी पाणी देताना त्या हमखास उघडतात.

पाणी देताना घाई नको. घडवून झाल्यावर तुकडा लाल करून हवेत काळा होऊ द्या, असे तीनदा. मग तापवताना लोहचुंबक लावून बघत राहा. सुमारे ७७० अंशांना चुंबक धरणे सोडते. त्याहून किंचित जास्त तांबडा झाला की तेलात बुडवा. कमानपाट्याला साध्या पाण्यात बुडवाल तर बहुधा तडकेल. सोयाबीन किंवा शेंगदाण्याचे पाच लिटर तेल, ५०-६० अंश कोमट, झाकणाच्या लोखंडी डब्यात. जळके इंजिन ऑइल नको, धूर विषारी असतो. तेलातून काढलेली सुरी काचेसारखी ठिसूळ असते, हातातून पडली तरी मोडते. ठिसूळपणा कमी करायला ती २०० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये एकेक तास दोनदा ठेवा. छिन्नी मात्र निळसर रंगापर्यंत, जवळपास ३०० अंशांना तापवावी. हे सगळे सावलीत किंवा संध्याकाळी करा. नाशिकच्या दुपारच्या उन्हात तांबडा रंग दिसतच नाही, आणि तुकडा जळून ठिणग्या उडू लागेपर्यंत कळत नाही.

अंगावर सुती कपडे, पायात चामड्याचे बंद बूट, डोळ्यांवर चष्मा. टेरिलीन कातडीला चिकटते. हातोड्याच्या हातात मोजा घालू नका, दांडा फिरतो. काळा दिसणारा तुकडाही ४०० अंशांचा असू शकतो. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट नको. बंद खोलीत कोळसा पेटवू नका, त्याचा वायू वास न येता जीव घेतो. आणि तलवारी-खंजिरांच्या मागे लागण्याआधी शस्त्र कायदा विचारून घ्या. घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना तो आड येत नाही.

इतके करूनही रंगाचा अंदाज पुस्तकातून येत नाही. जवळच्या लोहाराकडे जा आणि तो विळ्याला पाणी कसे देतो ते बघा: कुठल्या रंगावर बुडवतो, किती बोटे खोल बुडवतो, बाहेर काढून धार घासल्यावर कुठला रंग येईपर्यंत थांबतो. वेळेचे पैसे आधी विचारून द्या. पेरणीच्या आधी, मे-जूनमध्ये त्याला मान वर करायला फुरसत नसते, दिवाळीनंतर जा.

आपले,
लोखंडाचे काम करणारे काही वाचक, सातपूर, नाशिक