खिम्याच्या पाकिटावर त्याचा उगम छापा: अमेरिकेच्या कृषी मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कृषी मंत्री,
कृषी विभाग, वॉशिंग्टन डी.सी.

सविनय नमस्कार.

सुपरमार्केटमधून बीफचा खिमा घेताना पाकिटावर चरबीचे प्रमाण कळते, तारीख कळते, शिजवण्याच्या सूचनाही कळतात. तो किती जनावरांचा आहे, ती कुठे वाढली आणि कुठे कापली गेली, हे मात्र कळत नाही. खिम्याची प्रत ठरते ती याच गोष्टींवरून. ही माहिती छापणे सक्तीचे करावे, ही माझी मागणी आहे.

मोठ्या कारखान्यातला खिमा सहसा एका जनावराचा नसतो. धान्यावर पोसलेल्या जनावरांचे चरबीचे तुकडे, दुधाच्या कळपातून काढलेल्या गायींचे मांस आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून गोठवून आलेले कमी चरबीचे मांस एकत्र दळून हवे ते प्रमाण साधतात. एकाच घाण्यात शेकडो जनावरांचे मांस असू शकते. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरवर असतात आणि तव्यावर मरतात. दळल्यावर तेच आतपर्यंत जातात, आणि एका जनावराची घाण साऱ्या घाण्यात पसरते. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजवावा, असे आपला विभाग सांगतो. सल्ला योग्यच आहे, पण त्यात जबाबदारी स्वयंपाक करणाऱ्यावर जाते. रंगावर विसंबावे तर तेही चालत नाही, कारण बंद पाकिटात अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड भरून मांस लाल ठेवायला परवानगी आहे.

मोठा घाणा बिघडला की बिघाडही मोठा होतो. २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या एकाच कारखान्याचे १ कोटी २० लाख पौंडांहून अधिक बीफ साल्मोनेला या जंतूमुळे परत मागवावे लागले. ते केव्हाच देशभर विखुरले होते.

छोट्या शेतावरचे मांस आपोआप सुरक्षित असते, असे मी म्हणणार नाही. कुरणावर चरणाऱ्या जनावराच्या आतड्यातही ई. कोलाय हा जंतू असतो, आणि हयगय छोट्या कत्तलखान्यातही होऊ शकते. फरक असा की तिथे एका जनावराचा खिमा वेगळा ठेवता येतो, आणि काही बिघडले तर थेट त्या शेतापर्यंत पोचता येते. जनावर जवळच कापले गेले तर मांसही चांगले उतरते. लांबच्या प्रवासात घाबरलेल्या, दमलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते, कापल्यावर मांसात पुरेशी आम्लता येत नाही, ते काळपट दिसते आणि लवकर खराब होते.

पण जवळ कापायचे कुठे? सरकारी तपासणी असलेला कत्तलखाना अनेक शेतकऱ्यांना दूर पडतो. तपासणीतून सूट मिळालेल्या गावच्या कत्तलखान्यात जनावर कापले, तर त्या मांसावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का बसतो. मग शेतकरी जिवंत जनावराचाच अर्धा किंवा पाव हिस्सा विकतो. ज्याच्या घरी मोठा फ्रीझर आहे आणि हाताशी एकरकमी पैसे आहेत, त्यालाच ते परवडते. चांगला खिमा फक्त अशा घरांपुरता उरावा, हे मला फार खटकते. याला उपाय म्हणून तपासणी सैल करू नका; ती छोट्यांच्या आवाक्यात आणा. २०२१ मध्ये अगदी छोट्या कारखान्यांना जादा वेळेच्या तपासणी शुल्कात ७५ टक्के सवलत दिली गेली होती. अशी सवलत कायमची करा, आणि ग्रामीण भागात तपासनीस वाढवा.

आता लेबलाविषयी. बीफवर मूळ देश छापण्याची सक्ती अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) २०१५ च्या अखेरीस काढून टाकली. ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ या लेबलासाठी १ जानेवारी २०२६ पासून कडक नियम लागू आहे: जनावर जन्मले, वाढले, कापले गेले आणि मांसावर प्रक्रिया झाली, हे सारे अमेरिकेतच व्हायला हवे. नियम चांगला आहे, पण हे लेबल ऐच्छिक आहे. ज्याच्या खिम्यात परदेशी मांस मिसळले आहे, तो लेबल लावतच नाही आणि ग्राहकाला काही कळत नाही.

दळणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आणि दुकानाने कोणत्या कारखान्याचा कोणता माल कधी दळला, यंत्र कधी धुतले, याची नोंद ठेवावी, असा नियम आपल्याच विभागाने २०१५ मध्ये केला आहे. म्हणजे माहिती जमवण्याचा खर्च आधीच होतो आहे. ती फाइलमध्ये पडून राहते, एवढेच. पाकिटावर क्यूआर कोड छापून ती ग्राहकाला दाखवायला लावा.

उद्योग विरोध करील. १९९३ मध्ये एका हॅम्बर्गर साखळीच्या कच्चट पॅटींमुळे सातशेहून अधिक माणसे आजारी पडली, चार मुले दगावली. पुढच्या वर्षी आपल्या विभागाने ई. कोलायची ओ१५७:एच७ ही घातक जात असलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवला, तेव्हाही उद्योगाच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या. त्या हरल्या आणि तो निर्णय टिकला.

छोट्यांच्या आवाक्यातली तपासणी आणि पाकिटावरचा क्यूआर कोड, या दोन मागण्यांपैकी क्यूआर कोडचे काम आधी हाती घ्यावे. नियमाचा मसुदा केव्हा काढणार, हे आपण जाहीरपणे सांगावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक ग्राहक